डी ड्राइव्हमधली यादी

सकाळी दहाला नदीकाठच्या जॅकवेलच्या, म्हणजे गावाला पाणी उपसून देणाऱ्या विहिरीच्या, भिंतीवर पाणी एकोणचाळीस फुटांवर होतं. नाथाजी तो आकडा बघून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन शाळेच्या वर्गात आले, तेव्हा लालासाहेब कंप्यूटरसमोर नुसतेच बसून होते.

"काढलीस का रं यादी?"

"न्हाई. उघडंना झालीय."

कवठघाट गावाला कृष्णेचा पूर नवा नव्हता. पण मागच्या मोठ्या पुरात बायाक्का नावाच्या म्हातारीला अख्खं गाव विसरलं होतं. शेजाऱ्यांना वाटलं पुतण्यानं नेली, पुतण्याला वाटलं शेजाऱ्यांबरोबर गेली. दोन दिवस ती माळ्यावर शेंगांच्या ओल्या पोत्यावर बसून होती. जिवंत निघाली, पण पुढं कुणाशी धड बोलली नाही आणि वर्षाच्या आत गेली. त्या वेळी बोटीवर लालासाहेब होते. फौजेत सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून हवालदार होऊन घरी आलेला माणूस. बायाक्काच्या दारावरून त्यांची बोट दोनदा गेली होती.

त्यानंतर गावात पूर समिती झाली. नाथाजी तिचे अध्यक्ष. लालासाहेबांची लेक अंकिता पाचगणीच्या एका निवासी शाळेत कंप्यूटर शिकवते. तिनं समितीला आपला जुना कंप्यूटर दिला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. जॅकवेलवरचा आकडा त्यात टाकला की तेवढ्या पाण्याला कुणाकुणाचा उंबरा बुडतो, त्या घरात चालता न येणारं कोण आहे, पोटुशी बाई कोण आहे, ते घरवार समोर येई. घरं चारशे बारा आणि फायबरची बोट एक. त्यामुळे आधी कुठं जायचं हे ठरवायला यादीच लागे.

आज प्रोग्रॅमनं यादी दाखवली नव्हती. डी ड्राइव्हवर फाइल सापडत नाही, एवढंच म्हटलं होतं. लालासाहेब मग थेट डी उघडायला गेले, तर एक चौकट आली. त्यांनी इंग्रजी सावकाश, ओठ हलवत वाचलं. डीमधली डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"काय म्हणतंय?" नाथाजींनी विचारलं.

"फॉरमॅट करा म्हणतंय."

"मग कर की! त्योच सांगतोय न्हवं? कर, पाणी थांबायचं न्हाई तुझ्यासाठी."

लालासाहेबांनी बटण दाबलं. त्याबरोबर दुसरी, मोठी चौकट आली आणि तिच्या तळाला 'स्टार्ट' असं लिहिलेलं होतं. त्यांनी बाण त्याच्यावर नेला, आणि तिथं मात्र त्यांचं बोट अडलं. फौजेतली सवय होती. वायरलेस सेटनं तीच गोष्ट दोनदा विचारली की आपल्या अंगावर घ्यायची नाही, वरच्याला विचारायचं. त्यांनी खिशातून फोन काढला.

पाचगणीत चार दिवस सूर्य दिसला नव्हता. वर्ग बंद होते. अंकिता वसतिगृहाच्या व्हरांड्यात, जिथं रेंज येते त्या एका खांबाला टेकून उभी होती. समोर कौलांवरून जे पाणी खाली चाललं होतं ते दीड-दोन दिवसांनी बापाच्या गावाला लागणार हे तिला माहीत होतं. सकाळपासून ती तेच मोजत होती.

"आबा, स्टार्ट दाबलं का?"

"न्हाई."

"नक्की?"

"बाण त्याच्यावर ठिवलाय निस्ता."

"माऊसवरचा हात काढा आधी." तिचा आवाज चढला. "काढला? आता नुसतं कीबोर्डवर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा. इस्केप. गेली चौकट?"

"गेली."

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. मग तिनं विचारलं, "कंप्यूटरला कुणी हात लावला होता का?"

"गेल्या आठवड्यात चालूच हुईना. तालुक्याला दुकानात नेला. दुकानवाल्यानं नवं विंडोज टाकून दिलं."

"मग अक्षरं बदललीत, आबा. डिस्क आपल्या जागेवर हाय, आतलं सगळं तसंच हाय. नव्या विंडोजनं आपल्या मनानं अक्षरं वाटलीत फक्त. आपली डी आता ई झाली असंल. ई उघडून बघा."

लालासाहेबांनी ई उघडला. आत 'पूर' नावाचा फोल्डर होता.

"हाय! हाय गं, हितंच हाय!"

"मग ती डी कुणाची?" नाथाजी फोनवर वाकून ओरडले.

"काका, ती माझी जुनी लिनक्स सिस्टीम. विंडोजला ती वाचता येत न्हाई, म्हणून ते तिला रिकामी समजतंय आणि फॉरमॅट मागतंय. तिला काही करायचं न्हाई. तिच्यावरचं डी अक्षर काढायचं आणि ते ईला द्यायचं. आबा, मी सांगते तसं करा, आणि दर पायरीला मला वाचून दाखवा."

पुढची पंधरा मिनिटं दोघं आंधळ्यासारखे हात धरून चालले. डिस्कांचे पट्टे दाखवणारी खिडकी उघडली. लालासाहेबांनी डीच्या पट्टीवर उजवं बटण दाबलं आणि उघडलेली यादी वरून खाली वाचली. चेंज ड्राइव्ह लेटर. त्याच्या लगेच खाली फॉरमॅट. आणखी खाली डिलीट. तीन ओळी, एकीत आणि दुसरीत बोटाच्या नखाएवढंही अंतर नाही. त्यांचा हात ओला होता आणि माऊस बाकावर घसरत होता.

"हात पुसा," अंकिता म्हणाली, जणू तिला तिथून दिसतच होतं.

त्यांनी बनियनला हात पुसला. बाण वरच्या ओळीवर आणला. दाबायच्या आधी ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं. दाबली. अक्षर काढलं. त्यामुळे काही प्रोग्रॅम बंद पडतील, चालेल का, असं कंप्यूटरनं विचारलं, तेव्हा ते दचकून थांबले. "हे बरोबर हाय, हो म्हणा," अंकिता म्हणाली. मग ईच्या पट्टीवर तीच कसरत. अक्षरांच्या यादीतून डी निवडला. हो म्हटलं.

प्रोग्रॅम उघडला. एकोणचाळीस टाकले. अकरा घरं आली.

"लालासाब, वाच!" म्हणत नाथाजींनी दारात उभ्या असलेल्या बिरदेव आणि बाळासोला हाक मारली. बोट या दोघांकडं होती. पहिली तीन घरं ऐकून ते पळतच उतारानं गेले.

अकरा वाजता वीज गेली. शाळेच्या इन्व्हर्टरवर चार हिरवे दिवे असत. त्यातले तीन पेटलेले होते. लालासाहेबांनी वर्गातले पंखे, ट्यूब, सगळं बंद करून फक्त कंप्यूटर चालू ठेवला. बोट खेपा करत राहिली. खालच्या आळीतली माणसं भांडी, गाठोडी, शेळ्या घेऊन चढावर येत होती. कुणी गुऱ्हाळाची काईल, गूळ करायची मोठी कढई, होडीसारखी ढकलत तिच्यात दोन पोरी बसवून आणल्या. बारा वाजता पाणी साडेचाळीसवर गेलं. लालासाहेब आकडा टाकत, नावं वाचत, आलेल्या घरावर खूण करत. सगळं सुरळीत चाललंय असं त्यांना पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं.

साडेबाराला राजेश्वरी आली. ती गावातली आशाताई, आरोग्यसेविका. सकाळपासून हायस्कूलमध्ये आणलेल्या माणसांची सोय बघत होती. डोक्यावरचा पदर पिळून ती लालासाहेबांच्या मागं उभी राहिली आणि पडद्यावर बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"मामा, ही यादी कुठनं काढली?"

"हितलीच. का?"

"ही गेल्या सालची हाय. म्या जूनअखेर घरोघर फिरून नवी केली न्हाई का? ह्यात ती न्हाई."

लालासाहेबांनी माऊस सोडला. "कुठं घातलीस ती?"

"त्या जांभळ्यात."

गावात त्या कंप्यूटरचे दोन कंप्यूटर मानले जात. चालू केल्यावर दोन ओळी येत. वरची निवडली तर जांभळा पडदा येई, खालची निवडली तर निळा. निळा मेमध्ये फार रखडायला लागला होता, म्हणून सुट्टीत आलेल्या अंकितानं राजेश्वरीला जांभळ्यावर काम करायला शिकवलं होतं. काम संपलं की फाइल समाईक फोल्डरमध्ये ठेवा, असंही सांगितलं होतं. राजेश्वरीनं ती समोरच्या पडद्यावरच ठेवली होती, उघडली की लगेच दिसावी म्हणून.

"आणि आठ दिवस झालं, त्या दोन ओळी येतच न्हाईत," ती म्हणाली. "सरळ निळाच येतोय. मला वाटलं तुमीच बंद केला."

लालासाहेबांना एकदम उमगलं. सकाळी ज्याचं अक्षर डी होतं, जो पुसू का असं कंप्यूटर विचारत होता आणि ज्याच्या 'स्टार्ट'वर त्यांचा बाण होता, तोच जांभळा. नाथाजींनीही ते ओळखलं असावं, कारण ते खिडकीकडं वळून पाण्याकडं बघत उभे राहिले.

"नवी नावं किती हायत?" लालासाहेबांनी विचारलं.

"सात का आठ." राजेश्वरी बोटांवर मोजत आठवायला लागली. "वेशीजवळची पोटुशी पोर. ती आलीय, मी बघितली. सुताराचा आजा, त्यो बी आला. कुंभारांची चुलती. आणि..." ती थांबली. कपाळावर हात मारला. "मामा, आठवंना. वही घरात फळीवर हाय आणि घरात कमरंएवढं पाणी शिरलंय."

फोन चार वेळा लावला तेव्हा लागला. अंकितानं दोन वाक्यांत सगळं ऐकून घेतलं.

"मी नंतर एकदा विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आबा, ऐका. जांभळा गेला न्हाई. नव्या विंडोजनं स्वतःला पुढं केलंय, म्हणून त्या ओळी येत न्हाईत. कंप्यूटर बंद करून चालू करा आणि चालू होताच एफ बारा..."

आवाज तुटला. लालासाहेबांनी पुन्हा लावला. रेंजची एकही कांडी नव्हती. नाथाजींचा फोन, राजेश्वरीचा फोन, सगळे मुके. टॉवर गेला होता.

"एफ बारा काय?" नाथाजी म्हणाले. "दाबायचा? कितीदा? कवा?"

लालासाहेबांनी इन्व्हर्टरकडं बघितलं. एकच दिवा राहिला होता आणि तो हिरव्याचा लाल झाला होता. दर मिनिटाला तो एक बारीक शीळ घालत होता.

बंद केला तर पुन्हा चालू होईल का? आणि झाला, तरी चूक बटण लागलं तर? आत्ता समोर निदान जुनी यादी तरी होती. बिरदेव खेप घेऊन येईल आणि पुढची घरं विचारील.

"पुढची पंधरा घरं कागदावर घे," ते राजेश्वरीला म्हणाले. तिनं भराभरा लिहून घेतली. मग त्यांनी कंप्यूटर बंद केला.

पहिल्यांदा त्यांना उशीर झाला. पडदा उजळायची वाट बघत राहिले, तो उजळला तेव्हा बटण दाबलं, आणि निळा समोर आला. पुन्हा बंद. इन्व्हर्टरची शीळ आता थांबून थांबून नाही, सारखी वाजत होती. दुसऱ्या वेळी त्यांनी बटण दाबून हात काढताच एफ बारावर बोट ठेवलं आणि जुन्या दिवसांत मोर्सची किल्ली मारायचे तसं ठोकत राहिले. टक, टक, टक, टक. काळा पडदा. मग मधोमध एक छोटी चौकट आणि तिच्यात दोन ओळी. पहिली विंडोजची. दुसरी एकच शब्द, यूनं सुरू होणारा.

"हाच," राजेश्वरी म्हणाली. "सुरू हुताना हाच शब्द येतोय."

त्यांनी बाणाची कळ एकदा खाली नेली आणि एंटर मारला. काही सेकंद काहीच झालं नाही. नाथाजींनी तोंडावर हात धरला होता. मग पडदा हळूहळू जांभळा झाला.

राजेश्वरीनं पासवर्ड टाकला. घाईत पहिला चुकला. दुसऱ्यांदा आत गेली. फाइल समोरच होती. लालासाहेब उठून फळ्याजवळ गेले, खडू घेतला. "वाच. जुन्यात नसलेली तेवढीच वाच."

ती वाचत गेली, ते लिहीत गेले. पोटुशी पोर, सुताराचा आजा, कुंभारांची चुलती. चौथं नाव तलाठी गल्लीतलं, ते घर उंचावर होतं. पाचवा माणूस सकाळीच स्वतः चालत आलेला. सहावा आणि सातवी नवराबायको, बाळासोनं तासाभरापूर्वी आणलेली.

"आठ. गुंडा तात्या. मळ्यातली खोली. उजवं अंग गेलंय, चालता येत न्हाई. एक्केचाळीस फूट."

एवढं वाचलं आणि कंप्यूटर विझला.

"गुंडा?" नाथाजी म्हणाले. "त्यो तर जतला लेकीकडं गेलाय. चैत्रातच गेला."

"परत आला, काका." राजेश्वरी म्हणाली. "लेकीकडं पाण्याचं हाल. टँकर आला तर पाणी. म्हणाला, माझं मी मळ्यात मरीन. जूनमधी मीच तिथं जाऊन लिहून आणलं. सकाळ-संध्याकाळ पुतण्याचा डबा जातोय त्यास्नी."

पुतण्या कालपासून सांगलीला अडकलेला होता, हे तिघांनाही माहीत होतं. जॅकवेलवर पाणी आता बेचाळीसवर होतं.

लालासाहेब उतारानं खाली पळाले. साठीच्या माणसानं पळू नये असं ते पळाले. बोट नुकतीच लागत होती. त्यांनी नाव सांगितलं तसा बिरदेवनं उतरलेल्या माणसांकडं बघितलंही नाही, बोट फिरवली. मळा उसाच्या पलीकडं होता. वळसा घालून गेलं तर पाऊण तास, उसावरून सरळ गेलं तर पंखा पाल्यात अडकायचा.

"सरळ जा," लालासाहेब म्हणाले. "मशीन बंद करा. बांबूनं रेटा. मी येतू."

"तुमी न्हाई, आबा," बाळासो म्हणाला. "परत येताना जागा लागंल."

बोट उसाच्या शेंड्यांवरून सरपटत गेली आणि दिसेनाशी झाली. लालासाहेब पाण्याच्या कडेला उभे राहिले. राजेश्वरी येऊन शेजारी उभी राहिली. पाऊस थांबला होता, पण पाणी चढतच होतं. त्यांना पायाशी खोचलेली काडी दोनदा मागं घ्यावी लागली. नाथाजी वर शाळेकडं गेले, परत आले, परत गेले.

पाऊण तासानं बिरदेवचा बांबू आधी दिसला. मग बोट, आणि बोटीत आडवी बाज. बाजेसकट आणला होता. गुंडा तात्या छातीवर एक हात घेऊन पडलेले होते, ओठ निळसर, डोळे उघडे. बाजेच्या सुंभातून पाणी गळत होतं.

"पाठीला पाणी लागलं हुतं," बिरदेव म्हणाला. बाळासो बाज उचलू लागला.

लालासाहेब खाली वाकले. गुंडा तात्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, शब्द नीट निघत नव्हते. पण त्यांनी दोन-तीनदा म्हटलं तेव्हा कळलं.

"सकाळधरनं मशीन ऐकतुया. हाका मारल्या."

लालासाहेबांनी त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला. चौघांनी बाज उचलली आणि ते तो हात धरूनच चढावर चालत राहिले. राजेश्वरीनं वर कोरडं लुगडं, चादरी, गरम पाणी सगळं तयार केलं, तात्यांचं अंग चोळून काढलं आणि संध्याकाळपर्यंत दर तासाला त्यांचा ताप बघितला. ते वाचले.

पाणी त्या दिवशी सेहेचाळीसपर्यंत गेलं, दुसऱ्या दिवशी एकोणपन्नास, आणि तिथं थांबलं. कंप्यूटर बंदच होता. फळ्यावरची नावं आणि राजेश्वरीच्या कागदावरची घरं यांवर काम झालं. रात्री जेवणाच्या पंगतीत लालासाहेबांनी माणसं मोजली, सकाळी पुन्हा मोजली. कुणी कमी नव्हतं.

चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि अंकिता दुधाच्या टेंपोत बसून कऱ्हाडवरून आली. लालासाहेब वर्गात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले होते, तोंड उघडं, दाढी वाढलेली. तिनं त्यांना उठवलं नाही. दारात नाथाजी भेटले. ते बराच वेळ घुटमळले, मग म्हणाले, "फॉरमॅट कर म्हणून मीच मागं लागलो हुतो, पोरी. तुझ्या बाच्या लक्षात आलं म्हणून. न्हाईतर..."

"चौकटच तशी येते, काका. कुणीबी दाबलं असतं."

वीज आली होती. तिनं कंप्यूटर चालू केला, जांभळ्यातली फाइल काढून दोन ठिकाणी ठेवली, एक प्रत छापून घेतली आणि एक स्वतःच्या मेलवर पाठवली. मग राजेश्वरीला शेजारी बसवून विचारलं, "आता ह्यात काय बदलायचं?"

"लय," राजेश्वरी म्हणाली. "तलाठी गल्ली आपण उंचावर धरली हुती. तिथं ह्या टायमाला चार घरांत पाणी गेलं. आणि वेशीपाशी आपण लिवल्यापेक्षा आधीच शिरलं. उंबऱ्याचं आकडं चुकलेत."

"किती चुकलेत?"

"भिंतीवर खूण हाय अजून. पाणी कुठवर आलतं ती. पण ऊन पडलंय, आज-उद्या वाळून जाईल."

अंकितानं उठून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला ओलीची काळपट कड दिसत होती, आणि वरच्या अंगानं ती पुसट व्हायलाही लागली होती.

"टेप हाय का कुणाकडं?"

"सुताराकडं असंल."

खुर्च्या सरकल्याच्या आवाजानं लालासाहेब जागे झाले. लेकीला बघून त्यांनी डोळे चोळले, कधी आलीस म्हणून विचारलं, पण उत्तराची वाट न बघता उठून फळ्याखालचा खडूचा डबा हातात घेतला.

"वरच्या आळीपास्नं सुरू करूया," ते म्हणाले. "तिथं ऊन आधी येतंय."